अंगणातला हिस्सा

एप्रिल संपत आला की आमच्यासारखे भाषाशिक्षक वर्गाकडून एक ठरलेला निबंध लिहून घेतात : 'सुट्टीत मी काय करणार?' भविष्यकाळ शिकवण्याची ती सोपी युक्ती आहे. विषय मुलांच्या आवडीचा असतो आणि क्रियापदे आपोआप येतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचा 'ईन' आणि 'एन' नेहमीच चकवतो, म्हणून यंदाही सातवीच्या वह्या लाल पेन घेऊन तपासायला बसलो. चुका काढता काढता लक्ष दुसरीकडेच गेले. मुलगे लिहीत होते : मी जाईन, पोहेन, चढेन, खेकडे पकडीन, भटकेन. मुली लिहीत होत्या : मी मेहंदी शिकेन, शिवेन, अम्मीला मदत करीन, भावाला सांभाळीन, घरी राहीन. एकीने लिहिले होते, 'मी खिडकीतून रस्ता बघीन.' वाक्य शुद्ध होते. पूर्ण गुण दिले आणि वही मिटली.

पाचवीच्या वह्याही आमच्याकडेच असतात. तिथे हा फरक दिसत नाही. पाचवीतली मुलगी करवंदे काढायला डोंगरावर जाणार असते, समुद्रावर शिंपले वेचणार असते, नानीच्या गावी जाऊन विहिरीत डोकावणार असते. सातवीत पोचेपर्यंत क्रियापदे बदलतात. मधल्या दोन वर्षांत घरात कोणी हुकूम काढलेला नसतो. कोणी रागावलेलेही नसते. 'आता मोठी झालीस' एवढे एक वाक्य चार-पाच वेळा चार-पाच तोंडांतून आलेले असते, आणि तेवढे पुरते.

आपल्याकडे वाटणीचा विषय निघाला की आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, की मुलीचा हिस्सा सूरह निसामध्ये ठरवून दिलेला आहे, कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. खरे आहे. आणि हेही खरे आहे, की तलाठ्याकडे जायची वेळ आली की भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. पण त्या कागदावर निदान सही तरी लागते. अंगणाचे हक्कसोडपत्र कोणी लिहून घेत नाही. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की ते आपोआप झालेले असते आणि तिला स्वतःलाही त्याची तारीख सांगता येत नाही.

जुन्या घरांत तरी काय वेगळे होते, असे कोणी विचारील. आमच्या मुरुडच्या बाजूची कौलारू घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल. पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, मागे परस आणि त्याला लागून नारळ-सुपारीची वाडी. वाडीत विहीर, विहिरीवर रहाट. पुढचे अंगण पुरुषांचे, मागची वाडी बायकांची, अशी न बोललेली वाटणी होती. पुरुष पडवीत झोपाळ्यावर बसत ते विसाव्यासाठी. बायका मागे उघड्यावर जात त्या कामासाठी. सुपाऱ्या वेचा, वाळत घाला, नारळ सोला, पाणी शेंदा. आगोटीच्या दिवसांत तर दिवसभर ऊन डोक्यावर : तांदळाचे पापड, आंबोशी, कोकमाची सोले, मिरच्या, सुकट, सगळे मिरगाच्या आत वाळून डब्यात गेले पाहिजे. आज त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांना आम्ही इतकेच सांगू, की त्या उन्हात पाठ कोणाची भाजत होती ते आधी विचारा.

तरीही आभाळ होते. पापड राखायला बसलेली मुलगी तासभर एकटी बसत असे आणि तिला कोणी विचारत नसे, की तू इथे काय करतेस. कावळे हाकलते आहे, हे उत्तर समोरच पसरलेले असायचे. उन्हाळ्यात रात्री खाटा अंगणात निघत, बायकांच्या परसात. चांदणे, वारा, वाडीतून येणारा सुपारीच्या फुलांचा वास. काम हा परवाना होता, आणि त्या परवान्यावर थोडीशी मोकळीक चोरून मिळत होती.

मग घरोघरचे पुरुष आखातात गेले. कुवेत, सौदी, दुबई, मस्कत. पैसा आला, आणि त्या पैशाने बायकांचे कष्ट कमी झाले, याबद्दल त्या पिढीच्या पुरुषांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. विहिरीवर पंप बसला, पापड बाजारातून येऊ लागले, कौले उतरून स्लॅब पडला. अंगणात फरशी बसली, तिथे गाडी उभी राहू लागली. चारी बाजूंनी कंपाउंड, खिडक्यांना ग्रिल, ग्रिलला जाळी. मागच्या वाडीला कुलूप, कारण सुपारी आता खंडाने दिलेली आहे आणि खंडकऱ्याची माणसे तिथे येतात. आमच्या सासूबाई, ज्यांना सगळा मोहल्ला दादी म्हणतो, एकदा जाळीला हात लावून म्हणाल्या, "काम सुटलं हे बरं झालं, दुल्हन. पण कामाबरोबर दारपण सुटलं." घरी आम्ही कोकणी बोलतो, तिचा ठसका मराठीत पुरता उतरत नाही.

आता थोडे दुसऱ्या एका घराविषयी. वर्गात पक्ष्यांचा धडा असो वा नसो, आम्ही सलीम अलींची गोष्ट दरवर्षी सांगतो, कारण किहीम आमच्याच जिल्ह्यात आहे आणि मुलांना ते अलिबागच्या वाटेवर दाखवता येते. मुलांना गोष्टीतली एअरगन आवडते. आम्हांला त्यातले मामा आवडतात.

सलीम अलींचा जन्म 1896 चा, मुंबईचा. भावंडांतले ते शेवटचे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. लहानपणी या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली, नेहमीच्या चिमणीपेक्षा वेगळी. तो ती घेऊन मामांकडे गेला : ही कोणती? मामांना माहीत नव्हते. इथे आपल्यापैकी किती घरांत गोष्ट संपली असती याचा विचार करा. 'चिमणीच ती, टाकून दे, हात धू आणि सबक घेऊन बस.' मामांनी त्याला ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, तिथले सचिव मिलर्ड साहेबांकडे. एका लहान मुलाने एकट्याने गोऱ्या साहेबाच्या कचेरीत मेलेली चिमणी घेऊन जायचे! साहेबांनी ती ओळखली, मग कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

पण पुढचेही सरळ नव्हते. घरच्या धंद्याकडे बघायला त्यांना ब्रह्मदेशात पाठवले, तर तिथल्या जंगलात ते पक्षीच बघत राहिले. धंदा चालला नाही. 1917 मध्ये परत आले. प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी हाती नव्हती आणि तिच्याअभावी मनाजोगती नोकरी मिळाली नाही. 1918 मध्ये तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्यात्याची नोकरी लागली, तिथून रजा घेऊन बर्लिनला शिकायला गेले, आणि 1930 मध्ये परत येऊन पाहतात तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. चौतिशीचा, बेकार, पक्ष्यांमागे हिंडणारा जावई. आपल्या मोहल्ल्यात अशा माणसाच्या बायकोला लोक काय काय सल्ले देतील ते लिहायला नको.

तहमीना त्यांच्याबरोबर किहीमला राहायला आल्या. तिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. त्यांना जे दिसले ते आमच्या वर्गातल्या मुलींना फार आवडते. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून होते तेव्हा मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडले तर राहते, मग नर घरटे पुरे करतो. नाही पडले तर ती उडून जाते आणि त्याची मेहनत तशीच लटकत राहते. घरटे मार्गी लागले की नर दुसरे विणायला घेतो, अंडी मादीच उबवते, हे त्या चित्राचे दुसरे टोक, तेही सांगावे लागते. उर्दूत हा पक्षी 'बया', मराठीत 'सुगरण'. म्हणजे घरकामाचा किताब मराठीने बाईला देऊन टाकला आणि विणणारा निघाला बाप्या. वर्गात हे सांगितले की मुली हसतात आणि मुलगे खिडकीबाहेर बघतात.

पुढची वर्षे संस्थानोसंस्थानी पक्ष्यांच्या पाहण्यांची. हैदराबाद, त्रावणकोर. मुक्काम तंबूत किंवा एखाद्या बंगल्यात, रानात. तहमीना त्या मुक्कामांना बरोबर असत. छावणीची व्यवस्था बघत, हे सांगितले जाते. पण रानात राहणे त्यांनाही आवडत होते, हे कमी सांगितले जाते, आणि आम्हांला तेच महत्त्वाचे वाटते. 1939 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अली मग बहीण कम्मू आणि मेहुण्यांच्या घरी राहिले. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. पुस्तकावर नाव एकाचे असते. त्यामागे एक मामा, एक मामी, एक बीवी, एक बहीण आणि तिचे घर इतके सगळे उभे असते. एका माणसाला मोकळे सोडायला पाच माणसे लागली.

'ते तय्यबजी होते, पैसेवाले होते' असे यावर एक वाचक नक्की म्हणतील. होते. आमच्याकडे बंदुका नाहीत, एस.टी. आहे. पण 'मला माहीत नाही, चल, ज्याला माहीत आहे त्याला विचार' असे म्हणायला मामांना पैसे पडले नव्हते. खरी अडचण वेगळी आहे. चिमणी पाडणारा मुलगा होता. मुलगी असती तर?

याचे थोडे उत्तर त्याच कुळात मिळते, आणि तेही आमच्या मुरुडशी जोडलेले. जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली या तय्यबजी कुळातल्या फैजी बहिणींपैकी. त्यांची धाकटी बहीण अतिया 1906 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेली, शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला. म्हणजे आज आपण बी.एड. म्हणतो तसलेच काहीतरी करायला! तिथून ती रोजनिशी लिहून बहिणींना पाठवी आणि ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या उर्दू साप्ताहिकात छापून येई. 1921 मध्ये तिचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. प्रकृती साथ देईना म्हणून अभ्यासक्रम अर्धा टाकून ती परतली होती, पण साप्ताहिक हाती पडताच पडद्याआड बसून ते वाचणाऱ्या बायकांना त्याच्याशी काय कर्तव्य? आपल्यासारखीच एक मुलगी रस्त्यावर चालते आहे, आगगाडीत बसते आहे, हेच त्यांना पुरेसे होते. आज मुरुडच्या किनाऱ्यावर फिरायला येणारे नवाबाच्या राजवाड्याचा फोटो काढतात. त्या वाड्याच्या एका बेगमेच्या बहिणीचे नाव आमच्या मुलींनाही ठाऊक नसते, ते आम्ही फळ्यावर लिहितो.

आता आमचे घर. आमच्या थोरलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये झाली. निकालापर्यंत मोकळीच. जिल्ह्यातल्या एका निसर्ग शिबिराचे पत्रक तिच्या हाती लागले : तीन रात्री, तंबूत मुक्काम, फक्त मुली, सोबत शिक्षिका. मुलांचे अब्बा कुवेतला. त्यांचे घड्याळ आमच्या अडीच तास मागे, त्यामुळे घरातले मोठे निर्णय आमच्याकडे रात्री अकरानंतर होतात. त्यांनी पत्रकाचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "भाईजानना विचारा." भाईजान म्हणजे आमचे जेठ, मुलांचे बडे अब्बा. माणूस प्रेमळ. मुलीच्या फीचे पैसे न मागता भरणारा.

इशाच्या नमाजनंतर सगळे बसलो. बडे अब्बांनी पत्रक दोनदा वाचले आणि बाजूला ठेवले. "दुल्हन, तुम्ही शिकलेल्या आहात, मी काय सांगू. पण रात्रीचं बाहेर? उद्या रिश्ते येतील तेव्हा लोक विचारतील." आम्ही म्हणालो, "भाईजान, रिश्ता विचारणारे मुलीची झोपायची जागा विचारणार असतील तर असा रिश्ता न आलेला बरा." ते गप्प झाले, पण पटले म्हणून नव्हे. मग दादींनी एकेक सवाल टाकायला सुरुवात केली, आणि आमच्या मते त्या रात्री बुद्धीचे बोलणे तेवढेच झाले. संडास कुठे? पाणी विहिरीचे की टँकरचे? तंबूत किती जणी? रात्री जागे कोण? साप निघाला तर? मुलीची पाळी आली तर? आम्ही विद्यार्थिनींना घेऊन अशा शिबिरांना गेलेलो आहोत, तेव्हा उत्तरे तयार होती. सहा-सात मुलींची टोळी, तिची एक नायिका, तंबूभोवती चर, पाळीपाळीने पहारा, शिक्षिका बाजूच्या तंबूत. तिसऱ्या दिवशी बिनभांड्यांचा स्वयंपाक : बटाटे निखाऱ्यात, अंडी चिखलात लिंपून, रोटी काठीला गुंडाळून. "अंडी चिखलात?" दादींना हे इतके पसंत पडले, की त्यांची हरकत तिथेच संपली. बडे अब्बा मजहबची गोष्ट काढणार असे वाटताच त्या म्हणाल्या, "अल्लाहच्या रसूलनी (सल्ल.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) सफरमध्ये धावायची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा रसूल (सल्ल.) जिंकले. खोलीत नव्हती लावली." हदीस अबू दाऊदमध्ये आहे. आम्ही मुफ्ती नव्हे, शिक्षक आहोत, त्यामुळे त्यापुढे आम्ही काही जोडले नाही. बडे अब्बा म्हणाले, "मी ना म्हणत नाही. हो पण म्हणत नाही." कुटुंबात याला परवानगी म्हणतात.

आणि मग थोरली म्हणाली, "मला जायचंच नाहीये."

इतका वेळ ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. आम्हांला वाटले, रुसली. रुसली नव्हती. म्हणाली, "अम्मी, तिथे तीस मुली असणार. शिटी वाजली की उठा, शिटी वाजली की जेवा. शाळाच ती. मला थोडा वेळ एकटीला कुठेतरी बाहेर बसायचं आहे. कोणी 'कुठे निघालीस' असं न विचारता. पत्रक मी आणलं कारण तुम्हांला ते समजेल असं वाटलं."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शिबिराला उत्तर देता येते. संडास, पाणी, पहारा, सगळ्याची उत्तरे असतात. टोळीने बाहेर पडण्याची मोकळीक आपण आता पुष्कळ द्यायला लागलो आहोत, सहली, स्पर्धा, ट्रेक, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण एकटीने बाहेर असणे ही वेगळी मागणी आहे. तिला काम लागत नाही, सोबत लागत नाही, कारणही लागत नाही. मुलगा नाक्यावर, धक्क्यावर, पुलाच्या कठड्यावर तासभर बसून येतो, तेव्हा आपण फक्त 'जेवायला वेळेवर ये' म्हणतो. मुलीने तेच मागितले की पहिला प्रश्न येतो, 'का, घरात काय कमी आहे?' आम्हांला स्वतःला शेवटचे असे कधी बसायला मिळाले, ते त्या रात्री आठवून पाहिले. पापडांवर राखण करताना. तेव्हा आम्ही तिच्याहून लहान होतो.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. शनिवार-रविवारी आमच्या किनाऱ्यावर बाहेरच्या गाड्या येतात, वाळूत घुसतात, त्यातली सगळीच मंडळी शरीफ नसतात. एकटी बसलेली मुलगी बघून थांबणारे असतात. भटकी कुत्री आहेत. हे सगळे तिलाही ठाऊक आहे, आमच्यापेक्षा जास्तच. परंतु धोका आहे म्हणून ज्याच्यापासून धोका आहे त्याला रस्ता आणि जिला आहे तिला घर, ही वाटणी कोणत्या हिशेबाने बरोबर ठरते? बडे अब्बांना आम्ही हेच विचारले. ते म्हणाले, "हिशेब बरोबर नाही. पण मुलगी माझी आहे." याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. प्रेम हे कुलूपही असते, आणि ते लावणाऱ्याचा हात थरथरत असतो, हे आम्ही जवळून पाहिले.

रात्री अब्बांचा कुवेतहून आवाजी निरोप आला, तिच्यासाठी. आम्ही ऐकला नाही, तिच्या फोनवर होता. सकाळी तिने एवढेच सांगितले, की अब्बा म्हणतात, तिथे तेही जुम्याच्या सकाळी एकटेच समुद्राकडे चालत जाऊन बसतात आणि खोलीवरच्या लोकांना सांगत नाहीत. एकोणीस वर्षे लग्नाला झाली, आम्हांलाही सांगितले नव्हते.

ठरले ते असे. फजरच्या नमाजनंतर, उजाडले की ती वाडीचे मागचे दार उघडून जाईल. खंडकऱ्याला सांगून ठेवले आहे, सात वाजेपर्यंत माणसे वाडीत पाठवू नकोस. वाडीच्या टोकाला बांध आहे, बांधापलीकडे खाडी. तिथे बसेल. फोन बरोबर, पण बंद. कोणी मागे जाणार नाही, धाकट्यालाही पाठवायचे नाही. सातला परत. बडे अब्बांनी कुलपाची किल्ली स्वतः आणून दिली आणि पहिल्या दिवशी त्या वेळेला ते पुढच्या अंगणात गाडी पुसत होते. गाडी आदल्या दिवशीच धुतलेली होती. पण मागे गेले नाहीत, हे त्यांच्या नावे लिहिले पाहिजे.

आज या गोष्टीला तीन आठवडे झाले. थोरली तिथे काय करते ते आम्ही विचारत नाही, ती सांगतही नाही. एकदा तिच्या सलवारीला चिखल होता, एकदा ती फार रडून आलेली दिसली, एकदा गुणगुणत आली. मोहल्ल्यात दोन बायकांनी विचारले. आम्ही सांगितले, "बसायला जाते." "कशाला?" "बसायला." दोघींपैकी एक हसली. दुसरीने किल्लीची चौकशी केली.

गेल्या आठवड्यात मात्र नवे प्रकरण उभे राहिले. दादी फजरनंतर तस्बीह हातात घेऊन मागच्या दाराशी जाऊन बसल्या. त्यांचेही म्हणणे तेच : रहाट मोडल्यापासून त्या बांधापर्यंत गेलेल्या नाहीत. "मी काही बोलणार नाही, तू तिकडे बस, मी इकडे बसते." थोरली आमच्याकडे बघायला लागली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला ना म्हणता येत नाही, आणि दादी बोलणार नाहीत यावर घरात कोणाचाही विश्वास नाही. शेजारच्या दोन मुलींचेही निरोप आले आहेत. थोरली म्हणते, अशाने तिथे जत्रा भरेल.

तेव्हा भिंतीवर कागद लावला आहे. शनिवार, सोमवार, बुधवार थोरली. रविवार, मंगळवार दादी, पण धाकट्याने हात धरून बांधापर्यंत पोचवायचे आणि परत फिरायचे. गुरुवार शेजारच्या मुलींना. शुक्रवारचा रकाना मोकळा होता. तिथे कोणीतरी पेन्सिलीने 'अम्मी' असे लिहून ठेवले आहे. अक्षर थोरलीचे दिसते. येत्या जुम्याला शाळेला सुट्टीच आहे.